ट्रान्झिस्टरच्या तीन पायांतला करंट : प्रात्यक्षिक बोर्डाच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला एक बोर्ड करून द्यायचं ठरलं. मुलांना ट्रान्झिस्टरचं चिन्ह काढता येतं, बाणही बरोबर येतो. पण बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर (पाय तीन : कलेक्टर, बेस, एमिटर) हातात देऊन करंट कुठल्या पायातून आत शिरतो नि कुठून बाहेर पडतो असं विचारलं, की वर्गात दोन तट पडतात. काही जण म्हणतात कलेक्टरकडून एमिटरकडे. बाकीचे म्हणतात, इलेक्ट्रॉन तर एमिटरमधून निघतात, मग उलटं असणार.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला दिशेच्या रूढीचा : धन टोकाकडून ऋण टोकाकडे मोजायचं, की इलेक्ट्रॉन जातात त्या बाजूने. त्याचा निकाल कधीच लागलेला आहे, चिन्ह बदललं की संपलं. दुसरा प्रश्न खरा अवघड. एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये (एन, पी, एन असे तीन थर; एनमध्ये ऋण भार करंट नेतात, पीमध्ये धन) कलेक्टर–बेस जंक्शन, म्हणजे त्या दोन थरांचा सांधा, रिव्हर्स बायसमध्ये, म्हणजे उलट्या व्होल्टेजखाली असतं. डायोडच्या धड्यात आपण शिकवतो की रिव्हर्स बायसमध्ये करंट वाहत नाही, आणि पुढच्याच धड्यात त्याच प्रकारच्या जंक्शनमधून ट्रान्झिस्टरचा जवळजवळ सगळा करंट जातो. हे कसं, हे कुणी विचारत नाही, कारण सगळा वेळ पहिल्या प्रश्नात जातो.

तेव्हा बोर्ड दुसऱ्या प्रश्नासाठी करायचा. पहिला पाच मिनिटांत सुटला पाहिजे, तोही मीटरवर दिसून.

६ जुलै, रविवार

पुण्यात कामाला आलो होतो, सामान तपकीर गल्लीतून घेतलं. बीसी५४७बी, त्याचा पीएनपी, म्हणजे उलट थरांचा, जोडीदार बीसी५५७बी, १एन४१४८ डायोड, एक टक्का टॉलरन्सचे मेटल फिल्म रेझिस्टर, बनाना सॉकेट आणि झिरो पीसीबी.

दोन्ही ट्रान्झिस्टर मुद्दाम एकाच घराण्यातले घेतले. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की दोघांचेही पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ घेतला असता तर क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा आला असता. ज्यांना दिशाच पक्की करायची आहे त्यांच्यासमोर हा घोळ नको.

घरी येऊन प्रत्येक नग मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासला. एका बीसी५४७ वर लाल प्रोब बेसला ठेवून एमिटरकडे ०.६७२ व्होल्ट आणि कलेक्टरकडे ०.६६४ आले. फरक इवलासा, पण तो नेहमी याच बाजूला झुकतो. एमिटरचं डोपिंग (मुद्दाम मिसळलेली अशुद्धी) कलेक्टरपेक्षा खूप जास्त असतं, म्हणून ते जंक्शन थोडा जास्त व्होल्टेज दाखवतं. छपाई पुसलेला ट्रान्झिस्टर हाती आला तर एमिटर ओळखायला हे पुरतं. बाहेरून सारखी वाटणारी ही दोन टोकं आतून सारखी नाहीत, याचा हा पहिला पुरावा. पुढे हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत दाखवायची आहे.

१२ जुलै, शनिवार

सर्किट झालं. सप्लाय ९ व्होल्ट. कलेक्टरला १ किलोओहम, एमिटर ते ग्राउंड १०० ओहम, बेसला १ मेगओहम आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये १० किलोओहम.

अमीटर कुठेच लावला नाही. प्रत्येक पायाच्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोजायचं आणि भागाकार करायचा. सर्किट तोडावं लागत नाही, मीटरचा फ्यूजही वाचतो. बेसचा १० किलोओहम वेगळा ठेवण्याचं कारण साधं आहे. साध्या डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगओहम असतो, त्याने थेट १ मेगओहमवर मोजलं तर मीटरच सर्किटचा भाग होऊन बसतो. १० किलोओहमवर तो काहीच बिघडवत नाही.

मोजण्याचा नियम एकच, आणि तो बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे : काळी प्रोब ट्रान्झिस्टरच्या पायाकडे, लाल बाहेरच्या बाजूला. तिन्ही पायांना हाच नियम, अपवाद नाही. मग मीटरवर अधिक आलं तर करंट त्या पायातून आत शिरतोय, उणे आलं तर बाहेर पडतोय. आधी दिशा ठरवून प्रोब लावायच्या नाहीत. दिशा मीटर सांगेल.

आजची रीडिंग :

कलेक्टर अधिक २.३३ व्होल्ट, म्हणजे २.३३ मिलिअँपिअर आत. बेस अधिक ८० मिलिव्होल्ट, म्हणजे ८ मायक्रोअँपिअर आत. एमिटर उणे ०.२३४ व्होल्ट, म्हणजे २.३४ मिलिअँपिअर बाहेर.

दोन पायांतून आत, एकातून बाहेर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, आणि चिन्हावरचा बाण त्या एका बाहेर पडणाऱ्या पायावरच काढलेला आहे. गेन, म्हणजे कलेक्टर करंट भागिले बेस करंट, २९० च्या आसपास आला. बीसी५४७ च्या बी गटाला डेटाशीट (उत्पादकाने छापलेली माहिती) २०० ते ४५० देतं, त्यात चपखल बसतो.

एक गोष्ट इथे दाखवता येत नाही. तिन्ही करंटची बेरीज शून्य यायला हवी, पण २.३४ मधून २.३३ वजा करून ८ मायक्रोअँपिअर हाती लागत नाहीत. रेझिस्टरच्या एक टक्का फरकातच वीस मायक्रोअँपिअर इकडचे तिकडे होतात. मुलांनी वजाबाकी करून बेस करंट काढायचा नाही, तो बेसवरच मोजायचा. बेरीज दाखवायला वेगळी अवस्था शोधावी लागेल.

१३ जुलै, रविवार

पीएनपीची बाजू. एमिटर १०० ओहममधून अधिक ९ ला, कलेक्टर १ किलोओहममधून ग्राउंडला, बेसची तीच जोडी ग्राउंडला. प्रोबचा नियम तोच.

एमिटर अधिक ०.२०३, बेस उणे ८१ मिलिव्होल्ट, कलेक्टर उणे २.०२.

प्रत्येक चिन्ह उलटलं. एकातून आत, दोघांतून बाहेर. बीसी५५७ च्या डेटाशीटमध्ये कलेक्टर करंट उणे १०० मिलिअँपिअर आणि व्होल्टेज उणे ४५ असं का छापलेलं असतं, ते मुलांना इथे आपोआप कळेल. पायातून आत जाणारा करंट अधिक धरायचा, हा डेटाशीटवाल्यांचाही नियम आहे. ते उणे चिन्ह म्हणजे आपल्या मीटरवर आलेलंच चिन्ह.

१९ जुलै, शनिवार

दिवसभर पाऊस, दोनदा लाइट गेली. आज बोर्डासोबतचं माहितीपत्रक लिहिलं.

अधिक–उणे ही नावं अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन फ्रँकलिनने रुळवली, तेव्हा तारेत काय सरकतं हे कळायला मार्ग नव्हता. जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला १८९७ मध्ये. तोवर तारयंत्रं, डायनामो, विजेचे दिवे आणि सगळी गणितं जुन्या दिशेवर उभी होती, आणि ती गणितं चुकीची नव्हती. उणे भार डावीकडे गेला काय किंवा तेवढाच अधिक भार उजवीकडे गेला काय, मीटर एकच आकडा दाखवतो.

भार कुठल्या जातीचा हे सांगणारा प्रयोग वेगळा, एडविन हॉलचा, १८७९ चा. करंट वाहणाऱ्या पट्टीला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज येतं, आणि ते कुठल्या कडेला अधिक यावरून वाहक, म्हणजे करंट नेणारा भार, ओळखता येतो. पी जातीच्या जर्मेनियममध्ये हे चिन्ह धन भाराचं येतं. होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसलेली आणि धन भारासारखी वागणारी जागा, ही सोयीसाठी केलेली कल्पना आहे असं काही पुस्तकं सुचवतात, ते मला पटत नाही. ज्याचा भार आणि वेग प्रयोगात मोजता येतो, त्याला मुलांसमोर निव्वळ कल्पना म्हणू नये.

२० जुलै, रविवार

आजचा दिवस मुख्य. ट्रान्झिस्टर म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन डायोड, असं सर्रास सांगितलं जातं. डायोड मोडवर तपासायला ते पुरतं. म्हणून बोर्डावर शेजारीच तसे दोन डायोड लावले : दोन १एन४१४८, ॲनोड एकत्र करून तो बेस, एक कॅथोड एमिटरच्या जागी, दुसरा कलेक्टरच्या. रेझिस्टर अगदी तेच.

बेसला करंट वाहतो, ८० मिलिव्होल्टच्या जवळपास, आणि सगळा एमिटरच्या डायोडमधून ग्राउंडला जातो. कलेक्टरच्या १ किलोओहमवर ०.००. दहा मिनिटं तसाच ठेवला, शून्यच.

शेजारच्या सॉकेटवर बीसी५४७, तेच रेझिस्टर, तोच बेस करंट, आणि २.३३ व्होल्ट. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, बोर्डाची सगळी मेहनत त्याचसाठी.

फरक मधल्या पी पट्ट्यात आहे. ट्रान्झिस्टरमध्ये बेस हा एकच अखंड स्फटिक आणि तोही अगदी पातळ, जाडी मायक्रोमीटरच्या हिशेबातली. बेस–एमिटर फॉरवर्ड बायसमध्ये, म्हणजे सुलट व्होल्टेजखाली आलं की जोरकस डोपिंग केलेल्या एमिटरमधून इलेक्ट्रॉनांची रीघ बेसमध्ये शिरते. तिथे ते अल्पसंख्य वाहक आहेत, कारण पी पट्ट्यात बहुसंख्य होल. होलशी गाठ पडून संपण्याआधीच बहुतेक जण डिफ्यूजनने, म्हणजे दाटीकडून विरळ जागेकडे पसरत, पलीकडच्या जंक्शनपर्यंत पोहोचतात. आता रिव्हर्स बायस काय करतं? पी बाजूचे होल आणि एन बाजूचे इलेक्ट्रॉन, म्हणजे आपापल्या घरातले बहुसंख्य वाहक, यांना ते ओलांडू देत नाही. पण पी बाजूला आलेल्या इलेक्ट्रॉनसाठी तेच विद्युतक्षेत्र उतार असतं, काठाशी आला की खेचून पलीकडे. एकट्या डायोडमध्ये रिव्हर्सला करंट जवळजवळ नसतो तो जंक्शन बंद असतं म्हणून नाही, तर ओलांडणारे अल्पसंख्य वाहक तिथे नगण्य असतात म्हणून. ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर ते पुरवतो.

दोन सुट्या डायोडमध्ये ते दोन पी भाग तांब्याच्या तारेने जोडलेले. पहिल्या डायोडमध्ये शिरलेले इलेक्ट्रॉन तिथल्या होलांशी गाठ पडून किंवा धातूशी पोहोचून संपतात. अल्पसंख्य वाहक म्हणून तार ओलांडून पलीकडे कुणीच जात नाही.

मग बेसच्या पायातून करंट कशाला लागतो? वाटेत संपलेल्या होलांची भरपाई आणि बेसमधून उलट एमिटरमध्ये शिरणारे होल, या दोन्हींचा पुरवठा त्या पायातून होतो. तारेतून खरं तर इलेक्ट्रॉन बाहेर ओढले जातात आणि मागे होल उरतात. मीटरच्या लेखी ते आत येणारे ८ मायक्रोअँपिअर.

हे समजावायला आणखी एक मापन केलं. बेसचा सप्लाय ९ वर कायम ठेवून फक्त कलेक्टरचा ९ वरून ५ वर आणला. कलेक्टर करंट २.३३ चा २.२२ झाला, पाचेक टक्के कमी. कलेक्टर ओढतो म्हणून करंट येत असता तर एवढ्या फरकाने तो बराच घसरला असता. कड्यावरून पडणारं पाणी किती, हे नदीला किती पाणी येतंय यावर ठरतं, कड्याच्या उंचीवर नाही. इथेही तसंच, येणारे इलेक्ट्रॉन किती हे बेस–एमिटर जंक्शन ठरवतं. उरलेले पाच टक्के मात्र खरे आहेत. कलेक्टरचं व्होल्टेज वाढलं की तिथला डिप्लीशन थर (जंक्शनलगतचा वाहक नसलेला पट्टा) रुंदावतो, बेस आणखी पातळ होतो आणि थोडे जास्त इलेक्ट्रॉन पार होतात. जेम्स अर्लीने १९५२ मध्ये हे मांडलं.

पत्रकात या मापनाशेजारी जॉन शाइव्हचा प्रयोग द्यायचा. बार्डीन आणि ब्रॅटन यांचा डिसेंबर १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर म्हणजे एन जातीच्या जर्मेनियमच्या तुकड्यावर एकाच बाजूने टेकवलेली सोन्याची दोन टोकं. होल पृष्ठभागालगत सरकतात की स्फटिकाच्या पोटातून, यावर बेल लॅब्स या त्यांच्या अमेरिकी प्रयोगशाळेत तेव्हा एकमत नव्हतं. शाइव्हने फेब्रुवारी १९४८ मध्ये जर्मेनियमच्या पातळ पाचरीच्या समोरासमोरच्या बाजूंना एकेक टोक टेकवलं, आणि ट्रान्झिस्टर चालला. वाट पोटातूनच असणार. तिथल्याच शॉकलीची जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना याच गोष्टीवर उभी होती. पाठ्यपुस्तकात या प्रयोगाला दोन ओळी तरी मिळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

२७ जुलै, रविवार

बीसी५४७ उलटा लावला : एमिटर कलेक्टरच्या जागी, कलेक्टर एमिटरच्या. त्याआधी सप्लाय ५ व्होल्टवर आणला, कारण एमिटर–बेसला रिव्हर्समध्ये ६ व्होल्टचीच मर्यादा आहे. ९ व्होल्ट तसेच राहिले असते तर त्या जंक्शनवर आठाच्या वर आले असते, आणि तिथे ब्रेकडाउन होऊन वाहणारा करंट काही वेगळंच चित्र दाखवतो. बोर्डावर या सॉकेटजवळ लाल अक्षरांत "फक्त ५ व्होल्ट" लिहिलं आहे.

सरळ लावलेला असताना ५ व्होल्टवर १ किलोओहमवर १.१९ व्होल्ट होते. उलट्यावर ३१ मिलिव्होल्ट. बेसवर ४३ मिलिव्होल्ट. म्हणजे गेन सातेक.

चालतो, पण कसाबसा. आणि करंट आता एमिटरमधून आत शिरून कलेक्टरमधून बाहेर पडतोय, चिन्हावरच्या बाणाच्या विरुद्ध. बाण म्हणजे एकतर्फी झडप नव्हे, नेहमीच्या वापरात बेस–एमिटर जंक्शन फॉरवर्ड असताना करंट कुठल्या बाजूला जातो एवढंच तो सांगतो. सातचं कारण ६ तारखेच्या ०.६७२ आणि ०.६६४ मध्येच दडलेलं आहे. विरळ डोपिंगचा कलेक्टर इलेक्ट्रॉन पुरवण्यात दुबळा पडतो. बेसमधून त्याच्यात शिरणाऱ्या होलांचं प्रमाणही त्यामुळे वाढतं.

२ ऑगस्ट, शनिवार

प्रयोगशाळा सहायकांचा फोन, रिलेबद्दल (रिले म्हणजे कॉइलने चालणारा विजेचा स्विच). "सर, टाकीच्या रिलेला पीएनपी लावलाय, एमिटर १२ व्होल्टला. अर्डुइनोचा पिन हाय केला तरी रिले सुटत नाही. ट्रान्झिस्टर गेला का?"

"ट्रान्झिस्टर ठणठणीत आहे. बेसमधला करंट कुठे चाललाय ते बघा."

पीएनपीमध्ये बेसचा करंट बाहेर पडतो. तो थांबवायचा तर बेस १२ व्होल्टच्या जवळ न्यायला हवा. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा पिन हाय म्हणजे फक्त ५ व्होल्ट. बेस ११.३ च्या आसपास असतो, मधल्या रेझिस्टरवर सहाच्या वर व्होल्ट उरतातच, आणि करंट उलटा पिनमध्ये शिरतो. रिले तर सुटत नाहीच, अर्डुइनोलाही धोका. उपाय नेहमीचा : मध्ये एक बीसी५४७. त्याचा कलेक्टर ४.७ किलोओहममधून पीएनपीच्या बेसला, आणि पीएनपीच्या बेसवरून १० किलोओहम १२ व्होल्टला. ४०० ओहमच्या रिलेला ३० मिलिअँपिअर लागतात, बेसमधून दोन मिलिअँपिअरच्या वर निघतात, भरपूर झालं.

कॉइलला उलटा १एन४००७ लावलाय का तेही विचारलं, लावला होता. तो कशासाठी, हे सांगताना लोक म्हणतात की रिले बंद होताना करंट उलटा येतो. उलटतं ते व्होल्टेज. कॉइलमधला करंट त्याच दिशेने पुढे वाहायला बघतो आणि डायोड त्याला वाट देतो. डायोडची पट्टी धन बाजूला का, हे यातून आपोआप निघतं.

९ ऑगस्ट, शनिवार

बोर्ड पोहोचवला. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी बारावीच्या एका तुकडीला लगेच बसवलं. तक्त्यात तीन रकाने, कलेक्टर, बेस, एमिटर, आणि आकड्याआधी चिन्ह लिहायची सक्ती. एनपीएन–पीएनपीचा वाद चिन्हं भरता भरताच मिटला. दोन डायोडचं ०.०० बघून मात्र सगळे थांबले. एकाने डायोड बदलून पाहायला मागितला, दिला. पुन्हा ०.००.

मग एका मुलीने विचारलं, "रिव्हर्स बायसमुळे इलेक्ट्रॉन खेचले जातात, तर कलेक्टर–बेस फॉरवर्ड झालं तर करंट उलटा वाहील का?"

याहून नेमका प्रश्न त्या टेबलावर येऊ शकला नसता. सप्लाय ५ वर ठेवून तिलाच १ मेगओहमवर जम्पर (दोन टोकं थेट जोडणारी तार) टाकायला सांगितलं, म्हणजे बेसला नुसता १० किलोओहम उरला. ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट झाला, म्हणजे बेस करंट वाढवूनही कलेक्टर करंट आणखी वाढेना. कलेक्टर–एमिटरमध्ये ०.०६ व्होल्ट, बेस–एमिटरमध्ये ०.७२. बेस कलेक्टरपेक्षा ०.६६ ने वर, म्हणजे ते जंक्शन आता फॉरवर्डच. रीडिंग तिने घेतली : कलेक्टर अधिक ४.४६ व्होल्ट, बेस अधिक ३.८२, एमिटर उणे ०.४८४. मिलिअँपिअरमध्ये ४.४६, ०.३८ आणि उणे ४.८४. कलेक्टरचं चिन्ह अधिकच राहिलं, आणि १२ जुलैला दाखवता न आलेली बेरीज इथे साध्या मीटरवर शून्य आली.

फळ्यावर तिला एवढं सांगितलं : दोन्ही जंक्शन फॉरवर्ड असली की दोन्हीकडून बेसमध्ये इलेक्ट्रॉन शिरतात. कलेक्टरकडून येणारे थोडे, कारण तिथे ०.६६ आणि इकडे ०.७२, आणि फॉरवर्ड जंक्शनमध्ये दर ६० मिलिव्होल्टला करंट दहापट होतो. पायात दिसतो तो दोन ओघांमधला फरक, आणि एमिटरचं पारडं जड. एबर्स आणि मोल यांनी १९५४ मध्ये हीच वजाबाकी समीकरणात मांडली, आणि त्याच समीकरणात बायस अदलाबदल केला की २७ जुलैचा उलटा लावलेला ट्रान्झिस्टरही बसतो. मॅडमनी ते समीकरण तक्त्याखाली लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी दुसरी तुकडी बेसला १० किलोओहमपासून १ मेगओहमपर्यंत पायरी-पायरीने रेझिस्टर बदलत, कलेक्टर–बेस फॉरवर्डमधून रिव्हर्समध्ये जातं ती जागा आलेखावर काढणार आहे.